दूध पिणारा शाकाहारी अहिंसक असतो का? गोठ्यात बघितलेल्या गोऱ्ह्यामुळे पडलेला प्रश्न

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज लिहितोय. आमचं घर माळकरी, आजोबांपासून. वडील अजूनही पायी वारी करतात. घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही आणि मीही कधी बाहेर खाल्लं नाही, आणि खरं सांगायचं तर याचा मला आतून अभिमान होता, की आपल्या पोटासाठी कुठला जीव जात नाही.

गेल्या महिन्यात संगमनेरच्या बाजूला मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या गोठ्यात चौदा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गायी आहेत, सगळं व्यवस्थित, मिल्किंग मशीन, मुरघासाचा खड्डा, पाण्याचे हौद. पहाटे पाचला धारेच्या वेळी त्याच्याबरोबर गेलो. सगळं बघून झालं आणि मागे कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ गेलो तर तिथे एक गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, बांधलेला, पाच दिवसांचा. दावं इतकं आखूड की त्याला धड बसता येत नव्हतं. तो दाव्याचं टोक चोखत होता. मी हात पुढे केला तर त्याने माझी दोन बोटं तोंडात घेतली आणि आचळ ओढावं तशी ओढायला लागला, जीभ खरखरीत, गरम, आणि मधूनच डोक्याने ढुसणी मारायचा, आईच्या कासेला मारतात ना तशी. बोटं काढून घेतली तर हंबरला पण आवाज नीट निघेना. पलीकडे त्याच वयाची कालवड कोरड्या जागेत, तिला बाटलीने दूध चाललेलं.

मी भावाला विचारलं, याला दूध? तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दोन दिवस चीक पाजलाय." आणि लगेच कालवडीकडे वळला.

आदल्या रात्री आम्ही त्याच गायीच्या चिकाचा खरवस खाल्ला होता. मी दोनदा घेतला होता.

तेव्हापासून चहा घशाखाली उतरत नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि व्याली तर निम्म्या वेळा गोऱ्हा होणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आमच्या पुण्याच्या सोसायटीत फ्लॅट फक्त शाकाहारी भाडेकरूला द्यायचा असा ठराव झाला तेव्हा मी त्याच्या बाजूने हात वर केला होता. आता ते आठवलं की लाज वाटते.

प्रश्न असा की दूध सोडणं हाच एक प्रामाणिक मार्ग आहे का? की मधला काही रस्ता आहे? आणि वडिलांना हे कसं सांगू? ते रोज विठ्ठलाला दह्यादुधाचा नैवेद्य दाखवतात.

---

दूध_उत्पादक_अकोले

दादा, तुमचं लिहिलेलं सगळं खरं आहे, आमच्याकडंबी असंच होतं, मी खोटं बोलणार नाही. पण तुमच्या भावाला दोषी ठरवायच्या आधी हिशोब बघा.

गोऱ्ह्याला दिवसाला निदान तीन लिटर दूध लागतं, वजनाच्या दहा टक्के धरतात तसं. ३.५ फॅट ८.५ एसएनएफला (स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन भाग) तीस रुपये दर धरला तर नव्वद रुपये रोज, दोन महिने पाजलं तर पाच हजार चारशे. त्यानंतर चारा, पेंड, लस, जंताचं औषध. आणि कशासाठी? खिलार जातीचा असता तर त्याला औताला धरला असता, शर्यतीला गेला असता, बाजारात किंमत आली असती. संकरित गोऱ्ह्याला वशिंडच नसतं नीट, जू कुठं बसणार, आणि दुपारच्या उन्हात तो धापा टाकतो. आता तर औतपण राहिलं नाही, गावात ट्रॅक्टर सोळा आणि बैलजोड्या तीन. पोळ्याला मातीचे बैल पुजायची वेळ आली आहे खूप घरात.

आणि दर कायम तीस राहतो का? सत्तावीसनी पण घातलंय दूध. २०२४ ला सरकारला लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यावं लागलं ते उगाच नाही, सरकी पेंडेचा भाव बघा कुठं गेलाय. शहरात तुम्ही साठ रुपये देता पिशवीला, त्यातलं आमच्याकडं निम्मं येतं, त्यात गाय सांभाळायची, कालवड वाढवायची, भाकड गाय पोसायची, आणि गोऱ्हा पण? माझ्या आईनं आयुष्यभर गुरं केली, गोऱ्हा मेला की ती त्या दिवशी जेवत नाही. आम्हाला काळीज नाही असं समजू नका. वाईट वाटतं म्हणूनच तुमचा भाऊ गप्प बसला.

पूर्वी कसं होतं, मोठा झालेला बैल, म्हातारा बैल व्यापारी घेऊन जायचा, दहावीस हजार हातात यायचे, त्यात पुढची गाय घेताना भर पडायची. त्यामुळं गोऱ्हा वाढवायला परवडायचं. आता बैल कापायला कायद्यानं बंदी आली, तो रस्ता बंद आहे. त्याला किंमतच शून्य, तर तो जगणार कशाच्या जोरावर?

---

हिरवं_रान

इंद्रायणीकाठ, मी सात वर्षं झाली दूध, तूप, दही, पनीर काही घेत नाही. तुमची पोस्ट वाचताना माझं बालपण आठवलं. आम्ही मुंबईत एका तबेल्याच्या शेजारी राहायचो. तिथे म्हशी बाहेरून आणायच्या, व्यायल्या की रेडकू आठवड्याभरात संपायचं, आणि मग म्हैस पान्हावेना म्हणून त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्या पुढ्यात ठेवायचे. ती ते चाटायची. मी सात-आठ वर्षांची असेन, मला वाटायचं झोपलंय ते पिल्लू. नंतर नंतर तर इंजेक्शनच द्यायला लागले.

हा प्रश्न आज उपटलेला नाहीये हे मुद्दाम सांगते. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं, आणि त्यामागच्या कारणांत एक हे होतं की कलकत्त्याकडे गायीम्हशींवर 'फूका' करतात हे त्यांना कळलं होतं. फूका म्हणजे जास्त दूध निघावं म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकणं. पुढे १९१८-१९ च्या मोठ्या आजारात डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचं सुचवलं, व्रत गायीम्हशीचं दूध न घेण्याचं होतं ना, आणि त्यांनी ते घेतलं. पण आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपण व्रताचा शब्द पाळला पण व्रताचा आत्मा सोडला, आणि त्याची टोचणी अजून आहे. फूकावर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र कलमच आहे, बारावं. म्हणजे ही प्रथा इतकी चालत होती की कायद्याला तिचं नाव घ्यावं लागलं.

दूध_उत्पादक दादांचा हिशोब मला पूर्ण पटतो, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे. कोणी एक माणूस दुष्ट आहे म्हणून गोऱ्हा मरत नाही. दूध ज्या भावात आपल्याला हवंय त्या भावात तो मेल्याशिवाय ते मिळतच नाही. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तो फक्त आत काय आहे ते सांगतो, मागे काय झालं ते नाही सांगत.

प्रॅक्टिकल सांगायचं तर सुरुवातीचे दोन महिने चहाचा त्रास होतो, मग जीभ वळते. शेंगदाण्याचं दूध घरी होतं, त्याचं दही लागतं, त्याची कढी आमच्याकडे आता सगळे खातात. ताकाची आठवण येते, अजून येते. बी१२ ची गोळी मात्र न चुकता घ्या, ते वनस्पतीत मिळत नाही, यात हयगय करू नका. आणि वडिलांशी भांडू नका, त्यांच्या नैवेद्याची वाटी बाजूला करायची गरज नाही, तुम्ही फक्त स्वतःची वाटी बाजूला ठेवा.

---

गोदाकाठची_लेक

मी जालन्याची. आमच्या घरात मोठ्याचं खायचे, म्हणजे बैलाचं, म्हशीचं. आज्जी चान्या करायची, मांसाच्या लांब पट्ट्या मीठ लावून दोरीवर वाळवायच्या, घराच्या पुढं नाही तर मागच्या बाजूला, कारण पुढं वाळवलं की रस्त्यानं जाणारे थुंकायचे. पावसाळ्यात हाताला काम नसायचं तेव्हा त्याच चान्या ज्वारीच्या भाकरीबरोबर. मटण आम्हाला सणालापण परवडायचं नाही.

इंद्रायणीकाठ, तुम्ही सोसायटीच्या ठरावाचं स्वतःहून लिहिलंत म्हणून मी उत्तर देतेय, नाहीतर अशा चर्चेत मी पडत नाही. मला पुण्यात खोली बघताना तीन ठिकाणी "तुमच्यात खातात ना" असं विचारून दार लावलंय. त्यातल्या एका घरात मागं साजूक तूप कढत होतं, वास आला होता, तो वास माझ्या डोक्यात बसलाय. ते तूप आणि आमच्या चान्या एकाच गोठ्यातून निघाल्या होत्या. गाय दूध देते तोवर तुमच्या घरी, तिचा बैल म्हातारा झाला की आमच्या घरी. एकानं खाल्लं तो सोवळा आणि दुसऱ्यानं खाल्लं तो ओवळा, हे कुठून आलं?

बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. आमच्या आज्ज्याच्या पिढीनं सोडलं. पण ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी होतं, गावानं टाकलेलं उचलायचं नाही म्हणून. खाणं आणि मान हे आमच्यासाठी कधीच वेगळे प्रश्न नव्हते. त्यामुळं कुणी 'फक्त प्राण्यांचं बोला, माणसांचं मधे आणू नका' म्हणलं की मला ते जमत नाही.

आणि कायद्याचं बघा. गाय आणि तिचं वासरू कापायला राज्याच्या १९७६ च्या कायद्यानंच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळू पण त्यात आले, पाच वर्षं शिक्षा, दहा हजार दंड. हायकोर्टानं मे २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली, फक्त दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा होता ते कलम काढलं. आता दुसरीकडं बघा, जनावराला उपाशी ठेवलं तर तो पण गुन्हाच आहे, १९६० च्या त्याच कायद्यात, हिरवं_रान ताईंनी ज्याचं नाव घेतलं. त्याला पहिल्या वेळचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. म्हणजे गोऱ्हा सुरीनं मेला तर पाच वर्षं आणि भुकेनं मेला तर पन्नास रुपये. प्राण्याच्या दुःखाचा विचार करून केलेला कायदा असा असता का? त्या कडबाकुट्टीजवळच्या गोऱ्ह्याला विचारता आलं असतं तर त्यानं काय मागितलं असतं?

मी स्वतः खाते. प्राण्याला वेदना होतात हे मला मान्य आहे, रोज मान्य आहे. पण माझ्या खाण्यावर बोलायचा हक्क मी हिरवं_रान ताईंना देईन, कारण त्यांनी स्वतःचं सोडलंय. तूपवाल्यांना नाही देणार.

---

किनारपट्टी

थोडंसं वेगळं. आमच्या मालवणकडे सोमवार, गुरुवार, श्रावण पाळणारे आणि बाकीचे दिवस मासे खाणारे सगळेच, त्यामुळे शाकाहारी-मांसाहारी अशी भिंत मनात नाही. पण ही चर्चा वाचून अंड्याचं लिहावंसं वाटलं. लोक म्हणतात दूध सोडता तर अंडं काय वाईट, त्यात जीव नाही. अंडी देणाऱ्या जातीचा नर कोंबडा ना अंडी देतो ना मांसाच्या ब्रॉयलर कोंबडीसारखा दीड महिन्यात दोन किलोचा होतो, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी पिल्लं वेगळी करून नर मारतात. गोऱ्ह्याचीच गोष्ट, फक्त एका दिवसात उरकलेली. जर्मनीने २०२२ पासून हे बंद केलंय, अंड्यातच नर-मादी ओळखायची मशिनं आली तिकडे. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. बाकी पोषण आहारातल्या मुलांची अंडी धार्मिक कारणाने बंद करा म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही, ज्या पोराला घरी डाळ मिळत नाही त्याच्या ताटातलं अंडं आधी काढायचं आणि आपलं पनीर चालू ठेवायचं हे मला जमत नाही.

---

पशुवैद्यक_प

मी गेली अठरा वर्षं खेड्यात गुरांची प्रॅक्टिस करतो. इंद्रायणीकाठ यांनी बघितलं ते आठवड्यातून दोन-तीनदा बघतो. गोऱ्हा सहसा उपाशी 'मरत' नाही, त्याला पाणी आणि थोडं पिठाचं कालवण देतात, त्याने हगवण लागते, डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, आणि मग मला फोन येतो किंवा येत नाही. बहुतेक वेळा येत नाही. काहीजण रात्री गावाबाहेर सोडून देतात. गोशाळा भरलेल्या आहेत, मी एका गोशाळेत जातो तिथे जागा दीडशेची आणि जनावरं साडेतीनशे, पावसाळ्यात चिखलात पाय रुतून बसलेली. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी (जनावरांचा आणि मांसाचा धंदा करणारा समाज) व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद ठेवली होती तेव्हा तर शेतकरी भाकड गाय घेऊन बाजारात यायचे आणि तशीच परत न्यायचे, म्हशीचापण व्यवहार अडकला होता.

मधला रस्ता आहे का असं तुम्ही विचारलंय. एक आहे आणि तो मी रोज वापरतो. सॉर्टेड सीमेनची कांडी, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडून वेगळं काढलेलं वीर्य, ते नळीतून गायीला भरतात. ज्या शुक्राणूतून मादी होते त्याच्यात डीएनए जवळपास चार टक्के जास्त असतो, त्या फरकावर मशीन ते वेगळे काढतं. ही कांडी भरली तर दहातल्या नऊ वेळा कालवड होते. गोऱ्हा जन्मालाच येत नाही, मग उपाशी मरायचा प्रश्न नाही. सरकारी योजनेत ती आता स्वस्तातपण मिळते. अडचण ही की गाय उलटायचं, म्हणजे गाभ न राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं जास्त असतं, आणि एक माज चुकला की एकवीस दिवस गेले, म्हणून काहीजण बिचकतात. पहिल्या वेताच्या कालवडींना भरवा, माज नीट बघून वेळेवर बोलवा, रिझल्ट चांगले येतात. मावसभावाला माझं एवढं सांगा.

पण हा अर्धाच रस्ता आहे हे मला कळतं. दहा वेतांत पाच गोऱ्हे व्हायचे, त्यातले चार टळले, एक राहिलाच. आणि भाकड गायीचं काय? पाच-सहा वेतं झाली की तिला काढतात, तिचं आयुष्य अजून आठ-दहा वर्षं असतं. आणि एक सांगतो, रात्री दोनला आडव्या आलेल्या वासराला हात घालून सरळ करून बाहेर काढलं, तोंडातला चिकट काढला, त्याने पहिला श्वास घेतला, आणि मालक बॅटरी मारून मागं बघतो आणि म्हणतो "हॅत, गोऱ्हा". दरवेळी त्या शब्दाला माझ्या हातातलं सगळं बळ जातं. अठरा वर्षांत सवय नाही झाली. व्हावी असं वाटतपण नाही.

---

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठची_लेक, तुमचं उत्तर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या सभेत तो ठराव मागे घ्या म्हणून मी लेखी देणार आहे. एकटाच असेन बहुतेक, तरी देणार.

दूध मी सोडलंय, आज बारावा दिवस. वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ माळ ओढत बसले. मग त्यांनी विचारलं, "तू त्या वासराला परत बघायला गेला होतास का?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "मग आधी ते कर."

काल भावाला फोन केला. गोऱ्हा अजून आहे. मी म्हटलं तीन लिटरचे नव्वद रुपये रोजचे मी देतो, दोन महिने त्याला पाज. तो हो म्हणाला, पैसे नको म्हणत होता पण मी पाठवले. सॉर्टेड कांडीचंही बोललो, पुढच्या दोन कालवडींना तीच भरतो म्हणालाय.

---

दूध_उत्पादक_अकोले

दादा, चांगलं केलं. पण एक सांगतो, राग मानू नका. दोन महिन्यांनी तो दूध सोडेल आणि चारा खायला लागेल. मग तो मोठा होईल. वर्षाचा झाला की रोज पंधरा-वीस किलो ओला चारा, वर कडबा. नीट सांभाळला तर पंधरा वर्षं जगतो तो. भावाला फोन करून आत्ताच विचारा की दोन महिन्यांनी दावं कुठं बांधायचं, नाहीतर तुम्ही त्याचं मरण फक्त पुढं ढकललंय.

माझ्याकडं विहिरीच्या बाजूला एक पडीक तुकडा आहे, गिन्नी गवत होतं तिथं. पूर्ण खर्च मला झेपणार नाही. निम्मा तुमचा असेल तर आणून सोडा.

---

इंद्रायणीकाठ

निम्मा माझा. मेसेज केलाय तुम्हाला.